पांढरीचा पोतारा

१

गुरुवार उजाडला की केवळाबाई आधी बाटल्या ओतायची, मग चहा. पेरूची पाऊण एकराची बाग आणि झाडांना लटकवलेल्या बारा बाटल्या. बाटल्या साध्या पाण्याच्याच. वरच्या अंगाला चार भोकं आणि आत तारेला टांगलेला, औषधात भिजवलेला लाकडाचा तुकडा. औशाला बसस्टँडजवळ शारिकचं बी-बियाणाचं दुकान होतं, त्यानं त्या दिल्या होत्या. त्याच्या बापाचं त्याच जागी अत्तराचं दुकान होतं, त्यामुळं वासाचं त्याला उपजत कळायचं.

"ताई, ह्याच्यात फवारा न्हाई," शारिकनं समजावलं होतं. "ह्या तुकड्याच्या वासानं नर माशी येडी होती. त्याला वाटतंय, मादीच बोलवून ऱ्हायली. आत शिरायचं भोक सापडतंय, बाहेर यायचं न्हाई. नरच न्हाई तर अंडी कुठली, आन् अंडी न्हाई तर पेरूत अळी कुठली?"

"आन् मादीला?"

"तिला काहीच न्हाई त्याचं. बाजूनं निघून जाती."

केवळाबाई पोट धरून हसली होती. "बाप्याची जात मेली सगळीकडं सारखीच!"

हसली खरी, पण गुण आला. त्या साली पेरू फोडला तर आत अळी नाही. दर गुरुवारी ती बाटल्यांतल्या मेलेल्या माश्या खड्ड्यात ओतायची, वर माती ओढायची आणि चोचीनं उकरायला आलेल्या कोंबड्यांना शिव्या घालायची. सगळं झ्याक चाललं होतं. फक्त कोपऱ्यातल्या बाटलीत माशी पडत नव्हती. कमी पडत होती असं नव्हे, एकसुद्धा पडत नव्हती.

वारं असेल, असं तिला वाटलं. मग तुकडा वाळला असेल असं वाटलं. शेवटी तिनं मधल्या झाडावरची भरलेली बाटली काढून कोपऱ्यात लावली आणि कोपऱ्यातली मधे. आठ दिवसांनी बघते तर मधली काठोकाठ भरलेली आणि कोपऱ्यातली रिकामी. म्हणजे बाटलीत खोट नव्हती.

२

तो कोपरा म्हणजे जुनं गाव. भूकंपानं गाव झोपवलं आणि सरकारनं दोन कोस लांब रांगेनं घरं बांधून दिली, त्याला आता तेरा वर्षं होत आली होती. केवळाबाईचा नवरा व्यंकट त्या पहाटे घराच्या माळवदाखाली गाडला गेला. ती आणि चार वर्षांचा सत्यम एका तुळईच्या आडोशाला वाचले. लोक नव्या गावात राहायला गेले, ही बाई मात्र तिथं रमली नाही. पडक्या घराचे दगड वेचून तिनं जागा मोकळी केली, शेजारच्या शेतापर्यंत पेरू लावला आणि कडेला दोन खोल्या बांधून तिथंच राहिली. पांढरीवर, म्हणजे गाव वसलेल्या जागेवर, झाड लावू नये, लोकांनी सांगून पाहिलं. "मग माणसं गाडलेली चालतात व्हय?" असं तिनं उलट विचारलं.

त्या गुरुवारी ती कोपऱ्यातल्या झाडाखाली वाकली आणि तिथंच थांबली. माश्या होत्या. बाटलीत नव्हत्या, जमिनीवर होत्या. पांढऱ्या मातीवर शेकड्यांनी बसलेल्या, आणि सगळ्यांची तोंडं एकीकडं. तिकडं माती खचून एक भोक पडलं होतं, रांजणाच्या तोंडाएवढं.

तिनं ओळखलं. हे त्यांच्या वाड्यामागचं पेव. जुन्या लोकांनी ज्वारी साठवायला जमिनीत खोल खणलेलं. तोंड एवढंसं आणि पोट खोलीएवढं. भूकंपात बुजलं असं ती धरून चालली होती.

ती गुडघ्यावर बसली, नाक खाली नेलं. मातीचा वास. तोही धड नाही. चिमूटभर माती हातात घेऊन हुंगली, तरी काही नाही. माश्यांना काय गोड लागलं असेल देव जाणे, असं म्हणून तिनं तोंडावर एक जड फरशी ओढली. दुसऱ्या दिवशी भोक उघडं होतं आणि फरशी कुठंच नव्हती. बाजूला असती तर कुणी सरकवली म्हणता आलं असतं.

३

बागेला एक राखणदार होता, गुरुबसप्पा. सीमेपलीकडचा, कानडी बोलणारा, साठीचा माणूस. गोफणीनं पोपट हाकलायचा आणि केवळाबाईला अव्वा, म्हणजे आई, म्हणायचा, जरी ती त्याच्या लेकीच्या वयाची होती.

"फरशी तू काढलीस?"

"इल्ला अव्वा, मी न्हाई," तो म्हणाला. मग जरा लाजून, "पण वास लई छान येतो तिथं. गरम भाकरीचा. आमच्या अव्वाच्या हातच्या."

"तुझी अव्वा जाऊन किती वर्षं झाली?"

"चाळीस झाली की."

केवळाबाईनं पुन्हा हुंगून पाहिलं. काही नाही. म्हाताऱ्याचं काही खरं नाही, असं मनाशी म्हणून तिनं शारिकला फोन केला. तो फटफटीवर आला, हसत हसत पेवापाशी वाकला, आणि त्याचं हसू तिथंच पुसलं गेलं. बराच वेळ तो डोळे मिटून तसाच होता. केवळाबाईनं दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा तिनं त्याची कॉलर धरून मागं ओढलं तेव्हा तो भानावर आला.

"काय वास आला?"

"अब्बांच्या सदऱ्याचा," तो म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "ताई, बुरा नका मानू. मी इथं पुन्हा न्हाई येणार."

फटफटी सुरू करायला त्याला चार लाथा माराव्या लागल्या.

त्याच आठवड्यात बोकड गेला. शेळ्या दोन्ही दावणीला, बोकडाचं दावं तुटलेलं. मग कोंबडा. कोंबड्या अंगणात बिनघोर. लांडगा असता तर बकरीही सोडली नसती, आणि लांडगा निवडून नर नेतो असं केवळाबाईनं जन्मात ऐकलं नव्हतं. तिनं मनाला बजावलं की हा योगायोग. मन ऐकेना.

सोमवारी गुरुबसप्पा जेवायला आला नाही. कोपऱ्यातल्या झाडाखाली त्याच्या चपला होत्या, देवळाबाहेर काढतात तशा, जोडीनं नीट लावून ठेवलेल्या. गोफण फांदीला अडकवलेली. पोलीस पाटील म्हणाला, म्हातारा गावाकडं गेला असेल, येईल. अनवाणी? त्यावर पाटलानं खांदे उडवले.

केवळाबाईनं पेवात वाकून हाक मारली. कंदील दोरीला बांधून सोडला तर दोन हातांवरच विझला. अशा पेवात माणूस उतरला तर श्वास कोंडून मरतो, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. तिनं कान लावला. खालून आवाज येत होता. थप, थप, थप. हळू, एका लयीत. कुठंतरी पाणी ठिबकत असावं, असं तिनं ठरवलं. त्या वर्षी विहिरीला पाणी नव्हतं, हे तिला घरी गेल्यावर आठवलं.

४

मंगळवारी सत्यम आला. न सांगता, दुपारच्या गाडीनं.

लेकरू लातूरला होतं. बारावीचं वर्ष, क्लासच्या गल्लीत चौघांत एक खोली, सकाळी सहाला फिजिक्स आणि रात्री दहाला मेस बंद. पोरगं हुशार, क्लासनं त्याला पहिल्या तुकडीत बसवलं होतं. डॉक्टर होणार म्हणून केवळाबाई वर्षभर आनंदात होती. ढिगाऱ्यातून काढलेलं पोर, त्याचं काहीतरी मोठंच व्हायला पाहिजे असं तिला वाटायचं. त्याच्यावाचून तिला जगात दुसरं होतं तरी कोण?

"आज कसा काय रं? सुट्टी हाय का?"

"न्हाई. आलो असंच."

"असंच कसं? परीक्षा तोंडावर आलीय आन् तू असंच येतूस?"

त्यानं ताट ओढून घेतलं. जेवताना लक्ष नव्हतं. हात धुतले आणि बागेकडं चालू लागला, सरळ कोपऱ्याकडं. तांब्या तिथंच टाकून ती त्याच्या मागं धावली.

पेवाच्या कडेला तो मांडी घालून बसला होता. तिनं त्याच्या खांद्याला धरून हलवलं, तेव्हा त्यानं खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. आत पांढरी माती.

"दिवाळीला आलतो तवा नेली थोडी. उशाखाली ठिवली की झोप लागायची. आता उतरलाय वास." तो तिच्याकडं बघून ओशाळं हसला. "आई, तुझा वास हाय गं ह्याला. आधीचा. भूकंपाच्या राती कसा येत होता, तसा. तुझ्या गळ्यात तोंड खुपसून पडलो होतो बघ मी. उजाडेपर्यंत थोपटत होतीस."

केवळाबाईला ते आठवलं. थोपटत होती, खरं होतं. डोक्यावर तुळई, नाकातोंडात माती, आणि पोर रडून दमू नये म्हणून उजाडेपर्यंत एका हातानं थोपटणं चाललेलं.

"सत्या, मी ही हितं उभी हाय की. माझा वास घे."

त्यानं आज्ञाधारकपणे तिच्या खांद्याशी नाक नेलं. "हाव," म्हणाला, पण त्याचे डोळे भोकाकडंच होते.

तिनं त्याला हाताला धरून औशापर्यंत नेलं, लातूरच्या गाडीत बसवलं, आणि पेवात दोन गाड्या दगड ओतायला लावले. सकाळी दगड नव्हते. दोन दिवसांनी सत्यम पुन्हा दारात. क्लासच्या सरांचा फोनही आला: तुमचा मुलगा भर तासातून उठून गेला, घरी काही झालंय का?

घरी काय झालंय हे तिला तरी कुठं ठाऊक होतं.

५

तिनं सत्यमला खोलीत घालून बाहेरून कडी लावली आणि औसा गाठलं. शारिक तिला बघताच गल्ल्यावरून उठला.

"मी येणार न्हाई, ताई."

"येऊ नको. सांग मला नुसतं. वास मोडायचा कसा?"

"कसला वास?"

"तुला ठावं हाय कसला. भोक बुजंना, दगड टिकंना. माझं लेकरू जाऊन ऱ्हायलंय रं!" तिथंच पायरीवर बसून ती रडायला लागली. दुकानातली गिऱ्हाइकं बघत राहिली, तिला त्याची शुद्ध नव्हती.

शारिकनं पाणी दिलं. बराच वेळ तो बियाणाच्या पिशव्या उगाच सरळ करत होता. मग हळू म्हणाला, "वास मारता येत न्हाई. पण येक करतात. कपाशीवाले करतात बोंडअळीला. मादीच्या वासाच्या दोऱ्या, येका जागी न्हाई, झाडाझाडाला बांधतात. समदं रान त्याच वासाचं करून टाकायचं. मग नराला कळतच न्हाई कुठं जायचं. तो सापळ्यापर्यंत पोचतच न्हाई."

"मरतो का?"

"न्हाई. मरत न्हाई. फिरत ऱ्हातो." शारिकनं हातातली पिशवी खाली ठेवली. "पण ताई, त्याच्यात त्याला कुणीच..."

तेवढं ऐकायला केवळाबाई तिथं नव्हती. देगलूरची गाडी निघत होती, तिच्या फाट्यावरून जाणारी. ती पळत सुटली होती.

६

खोलीचं दार बिजागरीतून निघून अंगणात पडलं होतं.

ऊन डोक्यावर आलेलं. केवळाबाई बाग ओलांडून पळाली, पदर काट्यात अडकून फाटला तो तिनं तसाच ओढला. सत्यमचं फक्त छातीवरचं अंग दिसत होतं. कोपरं पेवाच्या काठावर, पाय आत. चेहरा इतका निवांत, की क्षणभर तिलाच वाटलं, आपण उगाच ओरडतोय.

"सत्या! वर ये!"

"आई खाली हाय," तो म्हणाला, समजुतीनं, एखाद्या लहान मुलाला सांगावं तसं.

तिनं त्याच्या काखेत हात घातले, टाचा मातीत रोवल्या आणि ओढलं. आणि ओढताना खाली दिसलं.

सूर्य बरोबर माथ्यावर होता, उन्हाचा एक कवडसा पेवाच्या तळापर्यंत उतरला होता. त्या उजेडात एक हात होता. बाईचा. पंजा उघडा, शेजारच्या रिकाम्या जागेवर हळूहळू पडत होता. थप, थप, थप. कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. अशाच आपल्या बांगड्या व्यंकट गेल्यावर फोडल्या होत्या केवळाबाईनं, शेजारणीनं दगडावर हात धरून. तेरा वर्षांत काच घातली नव्हती. हात कुठल्या अंगाला जोडला होता ते दिसत नव्हतं. कवडशाच्या कडेला, अंधार सुरू व्हायच्या जागी, झोपलेल्यांचे तळपाय होते. एकाच माणसाचे नव्हते.

सत्यम बाहेर निघाला तो तिच्या अंगावरच पडला. तिनं त्याला फरफटत घरात नेलं आणि खाटेला बांधलं, पोटच्या पोराला, जनावरासारखं, दाव्यानं. तो ओरडला नाही. मान वळवून कोपऱ्याकडं बघत राहिला.

आपण पाहिलं ते खरं का, हा विचार तिनं केला नाही. वेळच नव्हता.

७

दिवाळी-दसऱ्याला भिंती पोतारायचं काम तिनं हजारदा केलं होतं. पांढरी माती कालवायची, फडकं बुडवायचं, खालून वर ओढत न्यायचं. त्या दुपारी तिनं पेवाच्या तोंडाभोवतीची माती टोपल्यांनी खरवडली, बादल्यांत कालवली आणि पोतारायला घेतलं. पहिलं झाड, दुसरं झाड. बुंधा, फांद्या, बांधावरचे दगड. विहिरीचा काठ. गोठा. घराच्या चारी भिंती, ओटा, उंबरा, चौकट. रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी सूर्य कलेपर्यंत. हातांची सालं गेली. तिला स्वतःला त्या मातीचा वास तेव्हाही आला नाही.

चार वाजता ती पेवापाशी गेली. खाली काही वाजत नव्हतं. काठावर एकही माशी नव्हती. माश्या बागभर होत्या. या बुंध्यावरून त्या बुंध्यावर, उठायच्या, बसायच्या, पुन्हा उठायच्या, कुठंच टिकत नव्हत्या.

"जमलं!" केवळाबाई मोठ्यानं म्हणाली. तेरा वर्षांपूर्वी ढिगाऱ्यातून बाहेर आल्यावर आली होती तशीच ती रडकुंडीला आली. ती घराकडं पळाली, दावं सोडलं, पोराचं तोंड दोन्ही हातांत धरलं. हात कोपरापर्यंत पांढरे झालेले.

सत्यमनं दीर्घ श्वास घेतला आणि त्याचा चेहरा उजळला. "आई," म्हणाला.

"हाव रं माझ्या राजा. हाय मी."

त्यानं तिच्या हातांवर गाल टेकला. मग मान उचलली, हवा हुंगली आणि म्हणाला, "तिकडंबी हाय." तिचे हात बाजूला सारून तो भिंतीकडं गेला. भिंतीला गाल लावला. "आई." तिथून चौकटीकडं. चौकटीतून बाहेर, पहिल्या झाडाकडं.

केवळाबाई त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. "सत्या, ते झाड हाय. मी हितं हाय. माझ्याकडं बघ!"

त्यानं पाहिलं. ओळख नसलेल्या बाईकडं बघतात तसं, आदबीनं. आणि वळसा घालून पुढं गेला.

मातीनं हे केलंय, असं वाटून तिनं पिंपातल्या पाण्यानं साबण लावून हात धुतले, तोंड धुतलं, लुगडं बदललं, आणि पुन्हा त्याच्या वाटेत उभी राहिली. या खेपेला तो थांबलासुद्धा नाही.

८

भिंती धुवायचं तिच्या मनात येतं. पाणी भरून बादली ओट्यापर्यंत आणते. मग कोपऱ्याकडं बघते आणि बादली तिथंच ठेवते.

लातूरचे डॉक्टर म्हणाले, अभ्यासाचा ताण, अशी पुष्कळ मुलं येतात आमच्याकडं. गोळ्या दिल्या. परीक्षा होऊन गेली. सत्यम सुखरूप आहे. वेळेवर जेवतो, ताटात पडेल ते खातो, वाढणाऱ्या बाईला "बस बस" म्हणतो. उरलेला दिवस बागेत फिरतो. या झाडापासून त्या झाडाकडं, बांधाकडं, गोठ्याकडं, पुन्हा पहिल्या झाडाकडं. "आई, सापडंनास गं," असं मधूनमधून म्हणतो, रागावून नाही, खेळातल्यासारखं. पेवाच्या दिशेला जातो आणि पेव ओलांडून पलीकडं निघून जातो.

तो हाक मारतो तेव्हा केवळाबाई प्रत्येक वेळी "ओ" देते.

आता तिचा दुसराच नेम झालाय. सकाळी उठलं की आधी वाडग्यात पांढरी माती कालवायची. दोन्ही हात कोपरापर्यंत पोतारायचे, गळा पोतारायचा, गाल पोतारायचे, आणि ओलं वाळायच्या आत पेरूच्या रांगेत, दोन झाडांच्या मधे, जाऊन उभं राहायचं. तिची पाळी आली की पोरगं थांबतं. गळ्याशी तोंड नेतं, डोळे मिटतं आणि "आई" म्हणतं.

ती थोपटायला हात उचलते, तोवर ते पुढच्या झाडाकडं गेलेलं असतं.